ताई, तुझे आभार सगळ्यांसमोरच मानायचेत

ताई,

कांदा साठवणीवरच्या माझ्या थीसिसची बाइंडिंग केलेली कॉपी हातात आली आणि त्यातल्या आभाराच्या पानावर तुला जेमतेम एक ओळ मिळालीय, ती फारच अपुरी वाटतेय म्हणून इथे मोकळेपणाने लिहितोय. शिवाय मराठी मीडियममधून येऊन एमएस्सी अ‍ॅग्रीचा थीसिस इंग्लिशमध्ये लिहिणारी कितीतरी पोरं आहेत, त्यांच्याही हे कामी येईल.

पहिला चॅप्टर तुला पाठवला तेव्हा वाटलेलं तू सगळं दुरुस्त करून परत देशील. तू एक शब्द बदलला नाहीस. गुगल डॉक्समध्ये बाजूला नुसत्या कमेंट, आणि त्याही सगळे प्रश्नच. "लॉस म्हणजे नक्की काय, वजनातली घट, सड की कोंब?" "हे तू मोजलंस की वाचलंस?" कांदा चाळीत ठेवला की या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या होतात, वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हे मला शेतावरच्या अनुभवानेही माहीत होतं, पण लिहिताना सगळ्याला एकच शब्द वापरत होतो. त्या प्रश्नांची उत्तरं लिहिता लिहिताच चॅप्टर सुधारत गेला.

मग तू अँटकाँक शिकवलंस, आणि खरं सांगू तर सगळ्यात जास्त ऋण त्याचंच आहे. जपानच्या वासेडा युनिव्हर्सिटीतल्या लॉरेन्स अँथनींनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आपल्याकडे ते फारसं कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. कांदा साठवणीवरचे जमतील तेवढे चांगले पेपर गोळा करायचे, पीडीएफचं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रूपांतर करायचं, आणि शब्द टाकून शोधायचं. 'लॉसेस' टाकलं की त्या सगळ्या पेपरमधली वाक्यं एकाखाली एक येतात, शब्द बरोबर मध्ये आणि आजूबाजूचं वाक्य दोन्हीकडे. डावीकडे बघत खाली गेलं की 'रिड्यूस', 'मिनिमाइज', 'स्टोरेज' परत परत दिसतात. कुठे 'इन' कुठे 'ड्युरिंग', 'द' कधी लागतो कधी नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकातून कधी डोक्यात शिरलं नव्हतं ते इथे डोळ्यासमोर उभं राहिलं. इतर विषयांसाठी तू कोका दाखवलंस, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा तो अमेरिकन इंग्लिशचा साठा, त्यात फक्त अ‍ॅकॅडमिक लेखन निवडून शोधता येतं. पण आपल्या विषयाचा आपणच जमवलेला साठा वेगळाच, त्याला तोड नाही.

डिस्कशन चॅप्टर आठवतोय ना? मी लिहिलेलं की एन-२-४-१ हा वाण चाळीत जास्त टिकतो हे यातून 'प्रूव्ह' होतं. तुझी कमेंट आली, "एक हंगाम, एकच चाळ, आणि प्रूव्ह?" सोबत मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅकॅडमिक फ्रेजबँकची, म्हणजे अ‍ॅकॅडमिक लेखनातल्या तयार वाक्यरचनांच्या साइटची लिंक, सावधपणे दावा कसा करायचा तो भाग उघडून. 'सजेस्ट', 'मे', 'अपिअर टू'. ती वाक्यं कुठल्याही विषयाला चालतील अशा साध्या साच्यांसारखी आहेत म्हणून ती वापरली तर चोरी होत नाही हेही तूच समजावलंस, नाहीतर मी घाबरून हातच लावला नसता.

एआयबद्दलही तू सरसकट नको म्हणाली नाहीस. एकदा अख्खा पॅरा एका टूलमध्ये टाकून आपण दोघांनी पाहिला, वाक्यं एकदम गुळगुळीत झाली पण वजनातली घट जिथे होती तिथे सड आली, म्हणजे माझा रिझल्टच बदलला. तेव्हापासून टूलला तू सांगितलेलाच प्रश्न विचारतो, "यातलं कुठलं वाक्य समजायला अवघड जातंय?" आणि दुरुस्ती स्वतः करतो. लांबलचक वाक्यं पकडायला वर्डमधलं रीड अलाउड, ऐकताना दम लागला की वाक्य तोडायचं.

हे सगळं तू स्वतःच्या पीएचडीच्या सिनॉप्सिसची घाई असताना केलंस, रात्री उशिरा कमेंट यायच्या, आणि कधीही "एवढं पण येत नाही का" असा सूर नव्हता. माझ्यासारख्याला त्या सुराची फार भीती असते ताई, त्या भीतीने पोरं ड्राफ्टच दाखवत नाहीत.

आता दोन ज्युनिअरना अँटकाँक बसवून दिलंय, कांद्याच्या फाइल्सही दिल्यात. आणि थीसिसवरून पेपर लिहायला घेतलाय, ड्राफ्ट तुला शेअर केलाय. मेथड्स सोड, डिस्कशनचा तिसरा पॅरा बघ, तिथे मी जरा जास्तच ठामपणे बोलतोय असं वाटतंय.

तुझा,
लॅबमधला धाकटा भाऊ