बंदरावरच्या काकांना, दोन म्हाताऱ्या जीपीएसच्या वतीने

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमचे जुने, हातात धरायचे जीपीएस सेट तुम्ही दुरुस्त केलेत आणि पैसे घेतलेत ते फक्त सेलचे. उरलेलं या पत्रातून फिटणार नाहीच, पण जाहीर लिहितोय, कारण असे सेट पुष्कळ ट्रेकर्सच्या माळ्यावर धूळ खात पडलेत आणि तुम्ही सांगितलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आमच्या ग्रुपचे दोन सेट, गार्मिनचा जीपीएस १२ आणि त्याहून जुना जीपीएस ४५. दोन्ही सुरू व्हायचे, पण उपग्रह काही पकडायचे नाहीत. शहरातल्या एका दुकानदाराने तर "जुने सिग्नल बंद झाले, भंगारात द्या" म्हणून मोकळं केलं होतं. तुम्ही सेट कानाशी हलवून पाहिलात आणि म्हणालात, "सिग्नल तोच आहे, १५७५.४२ मेगाहर्ट्झ. विसरलाय तो हा."

विसरलाय म्हणजे काय, हे तुम्ही ट्रॉलरचा वायरलेस दुरुस्त करता करता समजावलंत. आतला नाण्याएवढा सेल मेला की कुठला उपग्रह साधारण कुठे असेल याचं पंचांग पुसलं जातं. ते उपग्रहाकडूनच परत मिळतं, पण सेकंदाला ५० बिट या गतीने. पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. आम्ही गॅलरीत पाच मिनिटं धरून वैतागायचो. तुम्ही सेट धक्क्यावरच्या उघड्या कठड्यावर ठेवलात आणि हात लावू दिला नाहीत.

पण मला सगळ्यात आवडली ती क्रिस्टलची गोष्ट. क्रिस्टल म्हणजे सेटला ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा; वर्षं गेली की त्याची वारंवारता सरकते. दहा लाखात तीन भाग सरकली तरी उपग्रहाच्या सिग्नलवर ती चूक पावणेपाच किलोहर्ट्झ होते. उपग्रहाच्या स्वतःच्या वेगामुळे सिग्नलच्या वारंवारतेत जो फरक (डॉप्लर) पडतो तोही साधारण तेवढाच. म्हणजे सेट भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. एकदा सिग्नल पकडून लॉक झाला की आपली चूक किती हे तो स्वतःच मोजून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. मात्र लक्षात ठेवायला सेल जिवंत हवा! आम्ही समजत होतो की सेल नसला तर फार तर साठवलेल्या जागांचे जुने पॉइंट जातील. आणि तुम्ही तिथे चार्ज होणाराच सेल टाकलात, कारण आमच्या सेटमध्ये तो पेन्सिल सेलवरून चार्ज होतो. साधा टाकला असता तर फुगून बोर्ड खराब झाला असता.

पडद्यावर प्रत्येक उपग्रहाची एक पट्टी असते; आधी एक पोकळ पट्टी आली. आम्ही ओरडलो, तुम्ही ढिम्म. "पोकळ म्हणजे सापडलाय, माहिती अजून यायचीय." मग ती भरीव झाली, शेजारची झाली, आणि चार भरल्यावर उंचीसकट जागा आली. जीपीएस १२ एका वेळी बारा उपग्रहांवर नजर ठेवतो. ४५ बिचारा एकाच चॅनलवर आळीपाळीने फिरतो, त्यामुळे त्याला वेळ लागला. पण लागला तोही.

तारीख पाहून मात्र आम्ही चपापलो. साल जवळजवळ वीस वर्षं मागचं, वार मात्र बरोबर! उपग्रह तारीख आठवड्याच्या आकड्याने कळवतात; तो आकडा दहा बिटांचा, म्हणून दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो: ऑगस्ट १९९९ मध्ये आला, एप्रिल २०१९ मध्ये आला, पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. सगळेच जुने सेट ते पचवत नाहीत; आमचे जागा बरोबर दाखवतात, फक्त तारीख मागची. ट्रॅकच्या तारखेत ७१६८ दिवस मिळवायचे, झालं.

तुम्ही जाता जाता विचारलंत, "वहीतले आकडे कुठल्या डेटमवर घेतले होते?" डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधाराने मोजतात तो. त्या एका प्रश्नाने आमचा मोठा घोटाळा टळला. पूर्वी आम्ही सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटशी (नकाशाशी) जुळावं म्हणून भारतीय डेटम लावायचो. मेमरी पुसल्यावर सेट डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्या जगभरच्या डेटमवर, गेला होता. आपल्याकडे दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. समुद्रात शंभर मीटरवर खडक असला तर जाळं फाटतं, असं तुम्ही म्हणालात. कड्यातून चढणाऱ्या नळीच्या वाटेच्या माथ्यावर काय होईल ते आम्हाला कुणी सांगायला नको. वहीतली पाण्याची टाकी आणि वाटांची तोंडं आता नीट भरून झालीत.

४५ च्या अँटेनाचा सांधा अजून सैल आहे, धक्का बसला की लॉक सुटतो. नारळी पौर्णिमेआधी तुमच्याकडे होड्यांची झुंबड असते, म्हणून ती उरकली की घेऊन येतो. मजुरीचे पैसे या वेळी आधीच काकूंकडे देणार आहे.

आपला,
डोंगरावरचा पुतण्या