ब्लॅकबर्नचाही स्कोअर टाकत जा ना साहेब

मा. संपादक साहेब,

तुमचा पेपर आमच्या गावात सकाळच्या एसटीनं येतो अन् मी तो मागच्या पानापासून वाचतो. आयपीएलचं ठीक आहे, पण फुटबॉल म्हटलं की तेच ते मँचेस्टर सिटी, आर्सेनल, लिव्हरपूल. 4 मे 2024 ला इंग्लंडची ब्लॅकबर्न रोव्हर्स टीम खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचली, दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर एक ओळ नाही.

तुम्ही म्हणाल, दारव्हा तालुक्यातल्या माणसाले ब्लॅकबर्नचं काय पडलं. माझं बॉयलर कोंबड्यांचं छोटं शेड आहे, 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीनं हा क्लब घेतला तेव्हा शेडवरचे पोट्टे लय हसले, अन् मी सहज स्कोअर पाहायले लागलो तो आजपर्यंत पाहतोच आहे. 1995 ला प्रीमियर लीग जिंकलेला क्लब, गोल मारण्यात नामी असलेल्या शिअररचा क्लब, अन् 2012 मध्ये खालच्या लीगमध्ये घसरला. त्या मॅचला तिथल्या चिडलेल्या लोकांनी क्लबचा झेंडा गुंडाळून जिवंत कोंबडीच मैदानात सोडली होती. कोंबडीचा काय दोष बाप्पा! 2017 ला तर आणखी एक पायरी खाली गेले, वर्षभरात परत वर आले.

आता 2023-24 चा सीझन पहा. चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, तिच्यात 24 टीम, प्रत्येकीच्या 46 मॅच, शेवटच्या तीन खाली जातात. ॲडम व्हॉर्टन म्हणून ब्लॅकबर्नचाच 19 वर्षांचा पोरगा, मिडफिल्डमध्ये भारी खेळायचा, तो ऐन सीझनात क्रिस्टल पॅलेसला विकला, म्हणजे पेरणी तोंडावर अन् घरची जोडी बाजारात. मग कोच टॉमासन गेला, जॉन युस्टेस आला. या युस्टेसला त्याच लीगमधल्या बर्मिंगहॅम क्लबनं ऑक्टोबरमध्ये टीम सहाव्या नंबरवर असताना काढून वेन रूनीले कोच म्हणून आणलं होतं.

शेवटच्या दिवशी मॅच होती लेस्टरच्या मैदानावर, म्हणजे लीग जिंकलेल्या टीमच्या घरी. आपल्याकडं संध्याकाळचे पाच, लाइट गेलेली, पाण्याची फवार मारणारा फॉगर बंद, मी शेडवर ओली पोती टाकत होतो, एका हातात पाइप अन् दुसऱ्या हातात मोबाइल, नेटवर्क कधी एक काडी कधी तेही नाही. सॅमी स्मॉडिक्सनं दोन गोल मारले, 2-0. त्या गड्यानं लीगमध्ये एकट्यानं 27 गोल केले, अख्ख्या चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात जास्त, अन् तरी टीम 53 पॉइंट घेऊन 19 वी, यावरून बाकीच्यांचं काय चाललं होतं ते समजून घ्या. अन् त्याच दिवशी खाली कोण गेलं, तर बर्मिंगहॅम! मॅच जिंकूनही गेलं. मी एवढ्यानं ओरडलो की बायको धावत आली, तिले वाटलं पक्षी मेले.

एक गोष्ट आणखी, ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायर, कापसाच्या गिरण्यांचा मुलूख. आपल्या वऱ्हाडचा कापूस एकेकाळी तिकडच्या गिरण्यांत जात होता. 1931 मध्ये गांधीजी तिथं जवळच डार्वेनला गिरणी कामगारांना भेटायले गेले होते, आपल्याकडच्या परदेशी कापडाच्या बहिष्कारानं त्यांची कामं गेली होती तरी. म्हणजे नातं काही आजचं नाही, अन् मालक तर आपल्या महाराष्ट्रातले. मग काहून नाही छापत?

मोठी बातमी नको, फोटो नको. ऑगस्टमध्ये नवीन सीझन सुरू झाला की शनिवारच्या मॅचचा स्कोअर तेवढा टाकत जा, जागा नसली तर राशिभविष्यातली एक रास कमी करा, माझी वृश्चिक केली तरी चालेल.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ