‘वाहनमुक्त सागरी सायकल सहल’ प्रत्यक्षात महामार्गावरून नेल्याबाबत तक्रार

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १८ ते २२ जानेवारी २०२५ या कालावधीतील मांडवा ते रत्नागिरी सायकल सहलीचा जाहीर केलेला मार्ग बदलल्याबाबत व शुल्काचा काही भाग परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील सहलीत मी व माझे पती सहभागी झालो होतो. प्रत्येकी १८,५०० रुपयांप्रमाणे एकूण ३७,००० रुपये आम्ही ऑक्टोबरमध्येच भरले होते. माझे वय ५६ व पतींचे ६१ आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी सायकल चालवते, पण शहरातल्या रहदारीत मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला की माझा हँडल आजही डगमगतो. म्हणूनच ‘संपूर्ण मार्ग वाहनांच्या वर्दळीपासून मुक्त’ आणि ‘चारही खाड्या सायकलसह फेरीबोटीने’ ही आपल्या माहितीपत्रकातील दोन वाक्ये वाचून आम्ही नोंदणी केली. पैसे भरण्यापूर्वी मी आपल्या कार्यालयात फोन करून मुंबई–गोवा महामार्ग कोठे लागतो का, असे स्पष्ट विचारले होते आणि ‘एक किलोमीटरसुद्धा नाही’ असे उत्तर मला मिळाले होते.

प्रथम जे चांगले होते ते नोंदवते, कारण त्यावरूनच माझी तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हे आपल्या लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून आम्ही दिवेआगरमार्गे शेखाडीच्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि मधून जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. रविवार असूनही तेथे चाळीस मिनिटांत आम्हाला दोन दुचाकी आणि एक एसटी एवढीच वाहने भेटली. एसटीच्या चालकाने तर आम्हाला पाहून गाडी कडेला घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला जंगलजेटीची, म्हणजे वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीची, लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर टेकली आणि ओल्या उतारावरून आम्ही अकरा जणांनी सायकली हाताने धरून आत नेल्या, तेव्हा पैसे सत्कारणी लागले असेच मला वाटले होते.

हा रस्ता इतका निवांत का आहे, हे ज्या कंपनीचा व्यवसायच त्यावर चालतो तिला मी सांगावे, हे खरे तर विचित्र आहे. सह्याद्रीतून उतरणारी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करून किनाऱ्याचा रस्ता तोडते. महामार्ग मात्र बराच आतून, जेथे नदीचे पात्र अरुंद आहे तेथे पुलावरून जातो, त्यामुळे मालवाहू ट्रक आणि टँकर किनाऱ्याकडे न वळता तिकडूनच धावतात. म्हणजे खाडी आणि तिच्यावरची फेरीबोट यांच्यामुळेच सायकलस्वाराला मोकळा रस्ता मिळतो. एक फेरीबोट जरी वगळली, तरी लांबचा वळसा पडतो, आणि दाभोळची वगळली तर तो वळसा घालताना महामार्गाला लागावे लागते. आपण नेमके हेच केले.

सोमवारी, २० जानेवारीला, दुपारी दोनच्या सुमारास आम्ही हर्णैला पोचलो होतो. कार्यक्रमपत्रिकेनुसार तेथून कर्द्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दाभोळला जायचे होते आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावेमार्गे गुहागर गाठायचे होते. जेवण चालू असताना आपल्या गटप्रमुखाने सांगितले की कर्द्याची खोल्यांची नोंदणी होऊ शकली नाही, त्यामुळे आजचा मुक्काम खेडला होईल. समुद्राकाठच्या मुक्कामाच्या जागी तालुक्याच्या गावातला महामार्गालगतचा लॉज, हा बदल ताटावर बसल्यावर कळावा, यात काही वावगे आहे असे त्याला वाटलेले दिसले नाही. आमची संमती कोणी विचारली नाही. आधी दापोलीपर्यंतचा चढ आणि मग फुरुसवरून खेडकडचा उतार अशी जादा चाल त्या दिवशी आमच्या वाट्याला आली.

या उतारावर माझ्या सायकलचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. ब्रेक सैल आहे हे मी त्याच दिवशी सकाळी हरिहरेश्वरला सांगितले होते आणि तेव्हा केवळ वायर ताणून देण्यात आली होती. फुरुसच्या पुढे करकर असा आवाज येऊ लागल्यावर मी उतरून पाहिले. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पार पुसून गेल्या होत्या, रबर एका कडेला कागदाइतके उरले होते आणि आतला पत्रा रिमला घासून चकचकीत चरा पडला होता. सोबतच्या टेम्पोत पंक्चरचे सामान होते, दोन ट्यूब होत्या, पण बदली रबराची जोडी नव्हती. मी उरलेला उतार सायकल हातात धरून चालत उतरले. रबराच्या या जोडीची किंमत आपण बाजारात विचारून पाहावी, एवढेच मी येथे म्हणते.

मंगळवारचा दिवस मात्र माझ्या दृष्टीने या तक्रारीचा गाभा आहे. सकाळी साडेसात वाजता भरणे नाक्यावरून आम्हाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ वर काढण्यात आले. लोट्याची औद्योगिक वसाहत याच रस्त्यावर आहे. तेथील रसायनांचे टँकर, गोव्याकडे जाणाऱ्या आरामगाड्या आणि मालवाहू ट्रक आमच्या कोपराला वारा लागेल इतक्या जवळून जात होते, आणि मागे धुरळा व डिझेलचा धूर राहत होता. परशुराम घाट उतरताना गटातील एक तरुण मुलगी दोन वेळा कठड्यालगत थांबून रडली. माझे पती, जे सहसा तक्रार करत नाहीत, घाटाच्या पायथ्याशी सायकल टेम्पोत टाकून मोकळे झाले. ज्यांना रहदारी नको म्हणून आपल्याकडे यायचे असते, त्यांना कोकणातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर आणून सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे.

दाभोळची फेरीबोट बंद असल्याचे कारण आम्हाला देण्यात आले होते. ते खोटे होते. त्याच संध्याकाळी गुहागरच्या निवासस्थानी दापोलीहून आलेले एक कुटुंब भेटले. ते दुपारी त्याच फेरीबोटीने मोटारीसह आले होते आणि त्यांनी आम्हाला तिकीटही दाखवले. खरे कारण आम्ही दुपारी डोळ्यांनी पाहिले होते. चिपळूण रेल्वे स्थानकासमोर आमचा टेम्पो पाऊण तास थांबला आणि आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या एका गटाच्या चार सायकली व सामान त्यात चढवण्यात आले. म्हणजे टेम्पोला चिपळूणला जायचे होते, म्हणून अकरा ग्राहकांना शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा घडवण्यात आला. टेम्पो एकटा पाठवून आम्हाला दाभोळमार्गे सोडणे सहज शक्य होते. धक्का कर्द्यापासून फार दूर नाही आणि सामान संध्याकाळी मिळाले असते तरी आमची काही हरकत नव्हती.

या वळशाचा भुर्दंड शेवटच्या दिवसालाही बसला. आम्ही मंगळवारी अंधार पडल्यावर, साडेसात वाजता गुहागरला पोचलो. त्यामुळे बुधवारी वेळ वाचवण्यासाठी आम्हाला टेम्पोत बसवून तवसाळपर्यंत नेले आणि शास्त्रीची खाडीही टेम्पोतूनच ओलांडून जयगडला उतरवले. वेळणेश्वर आणि हेदवीचा रस्ता आम्ही खिडकीतून पाहिला. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी दहा मिनिटे मिळाली. आरे-वारेचा समुद्र तेवढा सायकलवरून पाहायला मिळाला.

मी २४ जानेवारीला फोन केला असता आपल्या प्रतिनिधींनी ‘कोकणात रस्ता म्हटला की गाड्या आल्याच’ असे उत्तर दिले. ते मला मान्य आहे. पहिल्या दिवशी, शनिवारी, मांडवा ते अलिबाग या पट्ट्यात पर्यटकांच्या मोटारींची रांग लागली होती, आणि सहल शनिवारी सुरू करण्याचा निर्णयही आपलाच होता. तरी त्याबद्दल मी पैसे मागत नाही. निवांत रस्ता उपलब्ध असताना तो स्वतःच्या सोयीसाठी टाळणे आणि वर त्यासाठी खोटे कारण सांगणे, याबद्दल मागते.

त्यानुसार माझ्या मागण्या अशा आहेत. पाच दिवसांपैकी चौथा व पाचवा हे दोन दिवस जाहीर केल्याप्रमाणे पार न पडल्याने एकूण शुल्काचा दोन पंचमांश भाग, म्हणजे १४,८०० रुपये, मूळ खात्यात परत करावा. माहितीपत्रकातील ‘संपूर्ण मार्ग वाहनांच्या वर्दळीपासून मुक्त’ हे विधान तातडीने काढून टाकावे, आणि कोणत्या पट्ट्यात किती रहदारी असते व फेरीबोट चुकल्यास पर्यायी मार्ग कोणता, हे त्यात स्पष्ट लिहावे. तसेच भाड्याने दिलेल्या प्रत्येक सायकलचे ब्रेक निघण्यापूर्वी ग्राहकासमोर तपासून त्याची नोंद ठेवावी व ब्रेकचे रबर टेम्पोत असावेत. गटातील अन्य सहभागींनी आपापली पत्रे पाठवायची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे. मी केवळ आमच्या दोघांपुरते लिहीत आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांवरून मी माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तशी सोय या कायद्यात आहे. शुल्क भरल्याच्या पावतीची प्रत, कार्यक्रमपत्रिका, झिजलेल्या ब्रेकचे व चिपळूण स्थानकासमोर उभ्या असलेल्या टेम्पोचे छायाचित्र सोबत जोडले आहे. छायाचित्रावर वेळ दिसते : मंगळवार, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.

कळावे,

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)