विंचवाचं बिऱ्हाड

बफेलो, 9 फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी आता बफेलो सोडून अमेरिकेतल्याच स्पोकेनला जाणार असं रविवारी फोनवर सांगितलं आणि आई, तू एवढंच म्हणालीस, "पुन्हा विंचवाचं बिऱ्हाड." बाबा तर काही बोललेच नाहीत, फोन तुझ्या हातात देऊन गॅलरीत गेले. रात्रभर तेच डोक्यात राहिलं. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

13 आठवड्यांचा करार, तेवढे दिवस एखाद्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची रिकामी जागा भरायची आणि मग पुढचं गाव, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटतं की मला कोणी कायम ठेवत नाही, नाहीतर माझं मनच कुठे लागत नाही. तसं नाहीये.

इथे खुब्याचा सांधा बदललेले एक आजोबा माझ्याकडे येतात. पायऱ्या चढायच्या म्हटलं की घाबरतात आणि भीती घालवायला फुटबॉलबद्दल बोलत राहतात. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, इथला अमेरिकन, हाताने चेंडू फेकायचा. मी मार्चमध्ये जाणार हे कळल्यावर म्हणाले, मग तू आमच्या फिट्झपॅट्रिकसारखी. त्या रात्री मी त्याचे जुने सामने शोधून पाहिले आणि मग रोजच पाहत गेले.

रायन फिट्झपॅट्रिक. बाबा, संघाचा चेंडू ज्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाकडे फेकायचा हे जो तीन-चार सेकंदांत ठरवतो, तो क्वार्टरबॅक. मैदानात एका वेळी एकच, बाकीचे एक-दोघे बाहेर उभे. हा हार्वर्डमधून अर्थशास्त्र शिकून आला. 2005 मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा 255 जणांत याचा नंबर 250 वा. त्याच नोव्हेंबरात ह्यूस्टनला त्याच्या संघाचा, सेंट लुईस रॅम्सचा, क्वार्टरबॅक जखमी झाला आणि याला आत पाठवलं. मध्यंतराला संघ 24-3 असा मागे होता. त्याने 310 यार्डांचे पास दिले आणि जादा वेळेत सामना 33-27 असा जिंकून दिला. पण म्हणून त्याची जागा पक्की झाली नाही. एकूण 17 मोसमांत नऊ संघ: सेंट लुईस, सिनसिनाटी, बफेलो, टेनेसी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क जेट्स, टँपा, मायामी, वॉशिंग्टन. इतक्या संघांचा क्वार्टरबॅक म्हणून सामना सुरू करणारा लीगमध्ये दुसरा कोणी नाही.

बफेलोने 2011 मध्ये त्याच्याशी सहा वर्षांचा, 5 कोटी 90 लाख डॉलरचा करार केला होता. आकडा ऐकून वाटतं, आता सुटला. पण या खेळात करारातला बराच पैसा कागदावरच असतो. संघाने काढून टाकलं की उरलेली वर्षं गेली. 2013 च्या मार्चमध्ये त्याला काढून टाकलं. नवा संघ म्हणजे नुसता नवा शर्ट नव्हे. प्रत्येक संघाची डावांची जाडजूड वही वेगळी आणि त्यातली भाषाही वेगळी, तीच हालचाल इथे एका नावाने तर तिथे दुसऱ्या. एका मोसमापुरतं ते सगळं पाठ करायचं आणि तरीही अनोळखी दहा जणांना आपल्यावर विश्वास ठेवायला लावायचा. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

2015 मध्ये जेट्सकडून त्याने 31 टचडाउन पास दिले, म्हणजे ज्यांवर थेट गुण मिळतात असे, त्या संघाचा एका मोसमातला विक्रम. शेवटचा सामना जिंकला असता तर आयुष्यात पहिल्यांदा प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी. सामना होता बफेलोतच. शेवटच्या भागात त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि 22-17 ने गेलं सगळं. प्लेऑफ त्याला पुढेही कधी मिळाली नाही.

मायामीत 2020 मध्ये लागोपाठ दोन सामने जिंकल्यावर त्याला बसवून तरुण मुलाला घेतलं. त्याला किती लागलं ते त्याने लपवलं नाही. पण डिसेंबरात लास वेगासला सामना हातचा जात असताना पुन्हा त्यालाच बोलावलं. समोरच्याने हेल्मेटची जाळी धरून त्याचं तोंड पार फिरवलं होतं, तशा अवस्थेत त्याने 34 यार्डांचा पास दिला आणि मायामी 26-25 ने जिंकली. मी ते दृश्य किती वेळा पाहिलंय! पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या पहिल्याच सामन्यात त्याचा खुब्याचा सांधा जागेवरून निसटला. या दुखण्यातून उठायला काय लागतं ते मी रोज पाहते. तो पुन्हा खेळला नाही.

त्याला सात मुलं आहेत. आई, हे वाचलं आणि मला त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोची आठवण जास्त येत राहिली. मग तुझी. बाबांची धरणांवरची नोकरी: भाटघर, पैठण, उजनी, राधानगरी. बदलीची ऑर्डर आली की तू आधी पडदे काढायचीस. नव्या क्वार्टरच्या खिडक्या कधी लांब, कधी आखूड, म्हणून तू पडद्यांना खाली चार बोटं शिवण ठेवायचीस, उसवून वाढवता यावी म्हणून. मी तेव्हा रडायचे ते मैत्रिणींसाठी. तू कुणासाठी रडलीस का, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. या पत्राचं उत्तर दिलंस तर तेवढं नक्की लिही.

आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट राहिली. 15 जानेवारी 2022, बफेलोत प्लेऑफचा सामना, उणे 14 अंश थंडी. फिट्झपॅट्रिक स्टेडियममध्ये आला होता, खेळायला नाही, बघायला, मुलांना घेऊन. प्रेक्षकांत उभा, अंगात शर्ट नाही, आणि बफेलोसाठी बेंबीच्या देठापासून ओरडतोय. याच संघाने नऊ वर्षांपूर्वी त्याला काढलं होतं. आजोबा हे सांगताना कठडा न धरता चार पायऱ्या चढले, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाबा, मला तेव्हा तुम्ही दिसलात. उजनी सोडून तुम्हाला किती वर्षं झाली, निवृत्त होऊनही आठ. तरी दर पावसाळ्यात धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या वर चढलं की तुमचा फोन येतोच, माझ्याकडे मध्यरात्र असली तरी: "अगं, उजनी प्लसमध्ये आली!"

गोळ्या वेळेवर घ्या. स्पोकेनचा पत्ता हाती आला की कळवते.

तुमची,
माई