पलंगाची उंची आणि मावशींची कंबर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या एकाकी वृद्धांविषयी गेल्या रविवारी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. मुले मुंबई-पुण्यात, घराला कुलूप लागू नये म्हणून मागे राहिलेले आईवडील आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई, हे आमच्या वाडीतल्या दर तिसऱ्या घराचे चित्र त्यात नेमके उतरले आहे. मात्र ‘विश्वासू बाई मिळत नाही’ या एका वाक्यापलीकडे त्या बाईविषयी लेखात काही नाही. माझी आई शेवटची तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. त्या काळात तिचे सारे काही करणाऱ्या मावशींच्या वाट्याला आमच्या घरात काय आले, ते आठवून हे पत्र लिहीत आहे.

मावशी चोवीस तासांच्या ड्युटीवर होत्या. आईचा पलंग आजोबांच्या वेळचा, शिसवी आणि बुटका, जेमतेम गुडघ्याएवढा. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा कमरेतून वाकून आईला एकटीने वळवायचे. न्हाणी मागच्या पडवीपलीकडे, चिऱ्याच्या तीन पायऱ्या उतरून. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि पाण्याच्या बादल्या घेऊन मावशींनी त्यावरून दिवसातून कितीदा ये-जा केली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही; आम्ही वर एक गोणपाट टाकले, एवढेच. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची कंबर धरली. “भाऊ, जरा चमक भरलीय, शेकलं की जाईल,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर विश्वास ठेवणे आम्हाला सोयीचे होते. पुढे आईसाठी आलेल्या फिजिओथेरपिस्टने पलंग कमरेच्या उंचीला आणायला सांगितले, तसेच खांद्यापासून मांडीपर्यंत घडीची चादर अंथरून, ती दोघांनी दोन बाजूंनी धरून रुग्णाला कसे सरकवायचे तेही दाखवले. गावच्या सुताराने पायांना लाकडी ठोकळे बसवले, त्याला अर्धा दिवस लागला. तोवर दीड वर्ष उलटून गेले होते आणि मावशींच्या कमरेला पट्टा आला होता.

सुईची गोष्ट तर मला आई गेल्यानंतर कळली. इन्सुलिन दिल्यावर सुईला टोपण परत लावताना ती मावशींच्या बोटात गेली होती. त्यांनी हळद दाबली आणि कोणाला काही सांगितले नाही, कारण सांगितले तर आपल्यालाच निष्काळजी ठरवतील, अशी त्यांना भीती होती. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नसते, ती जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची असते. टोचलीच तर बोट न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचे असते. एचआयव्हीला प्रतिबंध करणारी औषधे लागलीच तर ती शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रक्तातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस-बी या यकृताच्या आजारावरची लस तीन डोसांत मिळते. यातले काहीही त्यांना सांगितले गेले नव्हते. ज्या ब्युरोने त्यांना आमच्याकडे पाठवले, त्याने पहिल्या पगारातून कमिशन कापले. शिकवले मात्र काही नाही. अर्थात आम्हीही कधी विचारले नाही.

मनाचे हाल याहून वेगळे. आईला स्मृतिभ्रंश होता. पाटल्या चोरल्याचा आळ ती रोज घ्यायची, चिमटे काढायची, क्वचित चावायची. “आजी काय जाणून बोलत नाहीत,” असे मावशीच आम्हाला समजवायच्या. रात्री मात्र पडवीत एकट्या बसलेल्या दिसायच्या. तीन वर्षांत त्यांना सलग सहा तास झोप किती रात्री मिळाली असेल? आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने गावी यायचो, पण रात्रीची पाळी आमच्यापैकी एकानेही कधी घेतली नाही. आई गेली त्या दिवशी घरभर माणसे होती, आमचे सांत्वन चालले होते. मावशींनी आईला शेवटची आंघोळ घातली, चादरी धुऊन वाळत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. चौथ्या दिवशी ब्युरोने त्यांना नव्या रुग्णाकडे धाडले.

कायद्याने यात फारसा आधार मिळत नाही. डॉक्टर, परिचारिकांवरील हिंसेविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा रुग्णालयांसारख्या संस्थांपुरता आहे. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० ची संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. एक मावशी असलेले घर तिच्या हिशेबात येत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मात्र राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे आणि अशा तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी, अशी तरतूद केली आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावे असतात. या समितीचा दूरध्वनी क्रमांक मी तिथे कधी पाहिलेला नाही.

ग्रामीण रुग्णालयांनी तालुक्यातल्या अशा बायकांना बोलावून रुग्ण उचलण्याचे, सुया हाताळण्याचे दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि हेपॅटायटिस-बीची लस टोचावी, यासाठी नवी इमारत लागणार नाही. ज्यांच्या घरी मावशी आहेत त्यांनी आठवड्याची एक सुट्टी आणि रात्रीची एक तरी पाळी स्वतःकडे घ्यावी. हे मी उशिरा सांगतो आहे, याची मला जाणीव आहे. परवा मावशींना फोन केला. त्या आता शेजारच्या तालुक्यात एका आजोबांकडे आहेत. तिथला पलंग केवढा उंच, असे विचारले, तर “गुडघ्याएवढा” असे उत्तर आले. त्या घरच्यांशी बोलून सुताराचे पैसे मी देईन म्हणालो, तेव्हा मावशी संकोचल्या.

आपल्याला एकच विनंती आहे. कोकणातल्या जिल्ह्यांच्या स्थानिक समित्यांचे संपर्क क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठी मराठीतही विनामूल्य बोलता येणाऱ्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आपण चौकटीत छापावा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका वर्तमानपत्र वाचतातच असे नाही, पण स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली ते अंथरतात, आणि अंथरताना वाचतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, राजापूर तालुका