बाबा, स्क्रीनचा फोटो नको, स्क्रीनशॉट पाठवा

ती. आई-बाबा, सा. न.

परवा घरपट्टी भरताना अडलं म्हणून बाबांनी लॅपटॉपचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला ना, त्यात नेमकी एररच्या ओळीवर ट्यूबलाईटची पांढरी तिरीप आली होती आणि बाकी सगळीकडे रंगीत लाटा. स्क्रीनच्या बारीक ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर नीट बसत नाही म्हणून त्या लाटा येतात, तुमचा हात हलला म्हणून नाही. मग बाबा फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवत बसले, अर्धा तास गेला, ते मला फार लागलं. (त्याच फोटोत स्क्रीनच्या काचेत आई मागे उभी दिसतेय, पदराला हात पुसत. तो मी डिलीट केलेला नाही.)

तर आता स्क्रीनशॉट, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय लॅपटॉपनेच काढलेला स्क्रीनचा फोटो, असा काढा. कीबोर्डवर खाली डावीकडे चार चौकोनांच्या खिडकीचं बटण आहे, ते आणि शिफ्ट दाबून धरायचं आणि एस दाबायचा. स्क्रीन जरा काळपट होईल, घाबरू नका, काही बंद पडलेलं नाही. माऊसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा दिसला की डावं बटण दाबून ठेवून जेवढं दाखवायचंय तेवढ्याभोवती चौकट ओढायची आणि सोडायचं, झालं. फोटो कॉपी झालेला असतो, लगेच लॅपटॉपवरच्या व्हॉट्सॲपमध्ये माझं नाव उघडून कंट्रोल आणि व्ही दाबा आणि पाठवा. मध्येच दुसरं काही कॉपी केलं तर कंट्रोल-व्हीला तेच येईल, म्हणून लगेच. आणि पूर्ण स्क्रीन साठवून ठेवायची असेल, म्हणजे भरल्याची पावती वगैरे, तर ते खिडकीचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबायचं, मग ती पिक्चर्समध्ये स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरला जाऊन बसते.

आई, तुझ्या मोबाईलवर स्क्रीनशॉटसाठी पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं. बँकेच्या ॲपमध्ये बऱ्याचदा निघणार नाही किंवा नुसता काळा येईल, ते सुरक्षेसाठी मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, मोबाईल बिघडलेला नाहीये.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. बाबा, तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर पावती टाकलीत तेव्हा खाते नंबरवर पिवळा हायलायटर फिरवला होता, पण हायलायटरच्या खालचे आकडे स्वच्छ वाचता येतात हो. झाकण्यापेक्षा चौकटच लहान ओढा, नंबर फोटोत यायलाच नको. आधार, पॅन, ओटीपी असलेलं काही ग्रुपवर टाकायचं नाही, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही, कारण तिथून ते कुठे फॉरवर्ड होईल ते आपल्या हातात राहत नाही. आणि कोणी फोन करून "काका, स्क्रीन शेअर करा" म्हणालं तर बोलतच बसू नका, फोन ठेवा आणि मला लावा. पैसे गेलेच तर माझीही वाट न बघता लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा.

याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा. रविवारी पूजा आटोपली की एक पाठवून बघा, कशाचाही चालेल, आईच्या रांगोळीच्या व्हिडिओचाही. मी दहा वाजता लॅपटॉप उघडून बसते.

तुमची,
ताई