तुझ्या लायब्ररीखालचं मैदान

कराड,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "आई, आमच्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम आहे, पण खेळाडू जास्त आणि बघणारे कमी. मधे बंदच केली होती म्हणे. शहाणपणा केला!" तेवढ्यात तुझी बस आली आणि फोन बंद झाला. तू बसमध्ये चढलास, पण मी तिथंच अडकले.

कारण सांगते. तीस वर्षं बारावीला अणुकेंद्राचा धडा शिकवला. दर वर्षी तेच वाक्य: "२ डिसेंबर १९४२, शिकागो विद्यापीठ, स्टेडियमच्या बाकांखालचं स्क्वॅश कोर्ट, एन्रिको फर्मी, जगातली पहिली अणुभट्टी." मागच्या बाकावरचा एखादा विचारायचा, मॅडम, स्क्वॅश म्हणजे सरबत का? वर्ग हसायचा, मी भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाचं सांगून पुढं जायचे. पण भर युद्धात, भर शहरात एवढं मोठं स्टेडियम रिकामं कसं सापडलं, हे एकाही पोरानं विचारलं नाही. मलाही पडला नाही तो प्रश्न. तुझ्या त्या एका वाक्यानं पडला. मग काय, निवृत्त बाईला दुपारी काम तरी काय असतं? पंधरा दिवस वाचत बसले.

तुझं हे शिकागो विद्यापीठ १८९२ साली सुरू झालं. पैसा रॉकफेलरचा, पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. हा माणूस हिब्रू भाषेचा पंडित. येल विद्यापीठात शिकवत असताना अमोस अलोन्झो स्टॅग हा त्यांचा विद्यार्थी होता. स्टॅगला व्हायचं होतं धर्मोपदेशक, पण व्यासपीठावर उभं राहिलं की बोलणं जमेना. खेळात मात्र अव्वल. हार्परनी त्याला नुसता कोच म्हणून नाही, तर सहयोगी प्राध्यापक म्हणून कायमच्या नोकरीवर घेतलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी खेळाचं खातं तयार! पहिल्या वर्षी खेळाडू पुरेनात, तेव्हा हे प्राध्यापक महाशय स्वतःच मैदानात उतरले. मला हे फार आवडलं. आपल्याकडं पीटीच्या सरांना स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची मिळते, आणि तीही पाय मोडकी.

मैदानाची जागा दिली मार्शल फील्ड या दुकानदारानं. दुकानदार म्हणजे वाण्याचं दुकान नव्हे, शिकागोतलं सगळ्यात बडं प्रस्थ. आधी मैदानाला त्याचंच नाव होतं, पुढं ते 'स्टॅग फील्ड' झालं.

आता तो खेळ. आपला पायानं खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल. मला वाटलं होतं समजणार नाही, पण कबड्डी खेळलेल्या बाईला समजतो रे. चढाई करणाऱ्यानं जशी मध्यरेषा गाठायची तसं यांनी बॉल छातीशी धरून समोरच्याच्या हद्दीच्या टोकापर्यंत पोचायचं, बाकीच्यांनी त्याला धरायचं. चार झटक्यांत दहा यार्ड पुढं सरकला नाहीत तर बॉल गेला. आणि स्वतःच्याच हद्दीत, अगदी शेवटच्या रेषेमागं तुमची पकड झाली, तर समोरच्याला दोन गुण. स्वतःच्या घरात पकड! डाव्या कोपऱ्यात चार वर्षं उभी राहिले, पण असला अपमान कबड्डीतसुद्धा नाही.

याच दोन गुणांची गोष्ट ऐक. ३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंगचा दिवस. समोर मिशिगन. हा संघ १९०१ पासून हरलाच नव्हता. सलग ५६ सामने, त्यातला एक बरोबरीत, बाकी सगळे जिंकलेले. मिनिटाला एक गुण करतात म्हणून त्यांची ख्याती. पंचवीस हजारांवर माणूस जमलेलं, आणि कुणालाच गुण मिळेना. शिकागोच्या एकर्सॉलनं बॉल लांब लाथाडला. तो मिशिगनच्या क्लार्कनं आपल्या शेवटच्या रेषेमागं झेलला. तिथंच थांबला असता तर काही बिघडत नव्हतं, पण तो धावत बाहेर आला आणि शिकागोच्या पोरांनी त्याला उचलून मागं रेटलं. २–०. संपलं. चार वर्षांचा दरारा एका झेलावर गेला.

पण त्याच एकर्सॉलबद्दल पुढं वाचलं आणि मन खट्टू झालं. अख्ख्या देशात गाजलेला खेळाडू, पण अभ्यासाच्या नावानं शंख. पदवी न घेताच गेला. त्याच वर्षी मासिकांतून ओरड सुरू झाली होती की विद्यापीठं खेळाडूंना नुसतं पोसतात, वर्गात बसवत नाहीत. मैदानावर पोरं मरतही होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं, आणि १९०६ पासून नियम बदलले. बॉल पुढं फेकायची मुभा आली ती तेव्हा. तू टीव्हीवर ज्या फेकी बघून 'वा' म्हणतोस, त्यांच्यामागं हे आहे.

स्टॅग तिथं ४१ हंगाम टिकले. बिग टेन नावाची विद्यापीठांची जी क्रीडा परिषद आहे ना, तिच्या स्थापनेपासून शिकागो तिच्यात होतं आणि सात वेळा अजिंक्य ठरलं. शेवटचं १९२४ ला. त्यानंतर उतरती कळा. आजूबाजूची सरकारी विद्यापीठं वाढत गेली. त्यांच्याकडं पोरं जास्त, स्टेडियम मोठी, खेळाडूंना सांभाळून घेणारे सोपे विषय. शिकागोत अभ्यासाचा फास आणखी आवळलेला. १९३२ ला स्टॅग सत्तरीचे झाले आणि त्यांना नियमावर बोट ठेवून निवृत्त केलं. दुसरं काहीतरी मानाचं पद देऊ केलं, पण ते म्हणजे पेन्शनरला वाचनालयाचा अध्यक्ष करण्यातला प्रकार. गृहस्थ सरळ कॅलिफोर्नियाला गेले आणि पॅसिफिक नावाच्या छोट्या कॉलेजात कोच झाले. १९३८ ला तीच पोरं घेऊन शिकागोला आले, स्वतःचं नाव असलेल्या मैदानावर, आणि शिकागोला ३२–० नं हरवून गेले. वय ७६! तुझे बाबा हे ऐकून एवढे खूश झाले की स्वतः उठून चहा टाकला. स्टॅग पुढं १०२ वर्षं जगले.

मधे एक शेवटची ठिणगी उडाली, जे बरवँगर. १९३५ ला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा करंडक पहिल्यांदाच दिला गेला, तो याला. त्यालाच आता हाइझमन ट्रॉफी म्हणतात. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी पोरं निवडायची पहिली फेरी घेतली, त्यात पहिलं नाव याचंच. आणि हा खेळलाच नाही! पैशाचं जमलं नाही, धंद्यात पडला. जेराल्ड फोर्ड, जे पुढं राष्ट्राध्यक्ष झाले, ते मिशिगनकडून खेळताना याला धरायला गेले आणि डोळ्याखाली कायमचा व्रण घेऊन आले. आणि तो करंडक? जड पडला म्हणून बरेच दिवस त्याच्या आंटीच्या घरी दाराला अडसर म्हणून ठेवला होता. आंटी म्हणजे मावशी, आत्या की काकू ते इंग्रजीत कळायला मार्ग नाही, पण मला ती आत्याच वाटते. आपली सुमनआत्या तुझ्या वक्तृत्वाच्या ढालीवर पापड वाळत घालायची, आठवतं का? तुझ्या त्या रॅटनर जिमच्या इमारतीत तो करंडक ठेवलाय म्हणे. रोज त्याच्यासमोरून जात असशील, एकदा थांबून बघ.

मग हचिन्स. तिशीत विद्यापीठाचा अध्यक्ष झालेला, बुद्धिमान, तोंडाळ. त्याचं म्हणणं होतं की कॉलेजच्या खेळाला तिकिटाच्या पैशानं नासवलंय, तिकीट दहा सेंट करा आणि बघा किती जणांना खेळाचं प्रेम उरतं ते. मुद्दा बिनतोड आहे. आणि १९३९ चा हंगाम त्याच्या मदतीला आला. हार्वर्डकडून ६१–०. ओहायो स्टेटकडून ६१–०. मिशिगनकडून ८५–०. बेलॉइट नावाच्या चिमुकल्या कॉलेजनंही हरवलं. कबड्डीच्या भाषेत लोणावर लोण. त्या डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला.

यात एक गंमत बघ. त्या हरणाऱ्या संघाचा कोच होता क्लार्क शॉनेसी. तो संघच बंद झाल्यावर स्टॅनफर्डला गेला, आणि पुढच्याच वर्षी तिथला संघ एकही सामना न हरता रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. मास्तर तोच, वर्ग दुसरा. हे माझ्या काही मुख्याध्यापकांना वाचून दाखवायला हवं होतं.

तर स्टेडियम रिकामं सापडलं ते असं. अणुभट्टी खरं तर शहराबाहेर आर्गॉनच्या रानात रचायची होती, पण बांधकामाच्या मजुरांचा तिढा झाला आणि इमारत वेळेत होईना. म्हणून पश्चिमेकडच्या बाकांखालची जागा. शाळा सोडलेली, आसपासच्या वस्तीतली दांडगी पोरं हाताशी घेऊन ग्रॅफाइटच्या विटा रचल्या. चाळीस हजारांच्या घरात विटा, ५७ थर. जमीन काळ्या भुकटीनं निसरडी, सगळ्यांची तोंडं कोळशाच्या खाणीतनं आल्यासारखी. आणि थंडी! शेकोटी नाही, हीटर नाही. तिथल्या एका कपाटात फुटबॉलच्या भरभराटीच्या काळातले रॅकूनच्या केसाळ कातड्याचे कोट सापडले. ते पहारेकऱ्यांनी घातले. जगातलं सगळ्यात मोठं गुपित राखणारे शिपाई, आणि अंगावर मॅच बघायला आलेल्या श्रीमंत पोरांचे कोट. तीस वर्षं मी हे न सांगता तो धडा शिकवला याची मला खरंच चुटपुट लागलीय. अर्धा वॅट शक्ती, अठ्ठावीस मिनिटं, एवढंच सांगत राहिले. आणि म्हणे रशियन हेरांच्या कागदात स्क्वॅशचं भाषांतर भोपळा झालं (इंग्रजीत भोपळ्यालाही स्क्वॅश म्हणतात), त्यामुळं अणुभट्टी भोपळ्याच्या मळ्यात लागली. खरं-खोटं देव जाणे, पण माझ्या सरबतवाल्या पोराला आता मी हसणार नाही.

आता तुझ्या 'शहाणपणा केला' याबद्दल. पैशाबद्दल हचिन्सचं बरोबर होतं, ते मी मान्य करते. पण ८५–० झाल्यावर दुकान बंद करायला फार मोठं काळीज लागत नाही. १९२४ ला अजिंक्यपद हातात असताना केलं असतं, तर मी उठून नमस्कार केला असता.

मला जास्त भावलं ते त्यानंतरचं. १९६३ ला काही पोरांनी क्लब म्हणून परत खेळायला सुरुवात केली, तर दुसरी पोरं निषेध म्हणून मैदानातच ठाण मांडून बसली. फुटबॉल परत आला तर विद्यापीठ बिघडेल म्हणून! तरी हे खेळत राहिले, आणि १९६९ ला विद्यापीठाचा रीतसर संघ पुन्हा उभा राहिला. तोवर ते बाक पाडून झाले होते, जुन्या मैदानावर तुझी रेगेनस्टाइन लायब्ररी बांधायला घेतली होती. मैदान नाही, मोठे सामने नाहीत, बिग टेन तर १९४६ लाच सोडलेलं. आजही तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. म्हणजे तू ज्या पोरांना हसलास ती सकाळी तुझ्यासारखंच गणित सोडवून संध्याकाळी धडका घेतात, आणि कुणी बघायला येत नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी कबड्डी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, प्रॅक्टिकल होती, मग नोकरी, मग तू. सेहेचाळिसाव्या वर्षी शिक्षकांच्या क्रीडास्पर्धेत उतरले होते, तुला आठवत नसेल, तू सहावीत होतास. पहिल्याच चढाईला पकडले गेले. खाली पाच बायका आणि त्यांच्याखाली मी. गुडघा सोलवटला, दात मातीनं भरले, आणि मी एवढी हसत होते की पंचांना वाटलं रडतेय.

तर एक काम कर. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असेल, त्याला जा. मित्र नाही आले तर एकटा जा. किती माणसं होती ते मोजून सांग, अंदाजे नको. जाताना एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं ते ब्राँझचं शिल्प आहे, अणुभट्टीच्या जागेवरचं, त्याचा फोटो काढ. कवटी दिसते की अणुस्फोटाचा मशरूमसारखा ढग ते मला माझं ठरवू दे. आणि लायब्ररीत तू बसतोस ती खिडकी कुठल्या बाजूची? एलिसकडची असेल तर तू फर्मीशेजारी बसतोस. आतल्या बाजूला असशील तर बहुतेक मैदानात.

सोबत मेतकूट आणि डिंकाचे लाडू पाठवतेय, कुरियरवाल्यानं वजनाचे जास्तच घेतले. कानटोपी घालून जा.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, स्टॅगना पॅसिफिकमध्ये पेन्शन होती का.